दिल्लीत आईसाठी खोली शोधताना

आईला राष्ट्रपती भवनातलं अमृत उद्यान पाहायचं होतं. वसंतातली ती फुलं पाहायची तर फेब्रुवारी-मार्चच गाठायला हवा. राजधानी एक्सप्रेसची तिकिटं पटकन मिळाली. खोलीने मात्र आठ दिवस घेतले, कारण आईचे दोन्ही गुडघे दुखतात.

पहिल्यांदा अर्थातच महाराष्ट्र सदन आठवलं. पण तिथे लोकप्रतिनिधी आणि सरकारी अधिकाऱ्यांना प्राधान्य. म्हाताऱ्या माणसाला घेऊन त्या भरवशावर निघायला मन धजेना. महिपालपूरला खोल्या स्वस्त दिसल्या, पण तो भाग विमानतळाशेजारचा. आम्ही रेल्वेने येणार, फिरणार शहराच्या मध्यात. रोज तासभर टॅक्सीत कशाला?

मग पहाडगंज की करोलबाग, एवढंच उरलं. पहाडगंजातली हॉटेलं 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असतात, ते खरंच आहे. पण नवी दिल्ली स्टेशनला दोन तोंडं आहेत. पहाडगंज एका बाजूला आणि मेट्रोची पिवळी लाइन दुसऱ्या, अजमेरी गेटच्या बाजूला. मध्ये 16 फलाट. तो पूल रोज आईला चढवणं शक्यच नव्हतं. करोलबागेतून निळ्या लाइनने तिसरं स्टेशन राजीव चौक, तिथे पिवळी लाइन पकडली की दुसरं स्टेशन केंद्रीय सचिवालय. उद्यानाला जायला तेच सोयीचं. उलट दिशेला चांदनी चौकही त्याच पिवळ्या लाइनवर. मेट्रोत लिफ्ट असतात. करोलबाग ठरलं.

यानंतरचं काम फोनवरचं, आणि ते मी अजिबात घाईत उरकलं नाही. बुकिंगच्या ॲपवर फोटो चकचकीत असतात, म्हणून थेट हॉटेलांनाच फोन लावले. लिफ्ट खोलीच्या मजल्यापर्यंत येते की मध्येच थांबते? बाथरूमच्या दाराला उंबरा केवढा? कमोडच आहे ना? पहाटे गिझर चालू असतो का? आणि खिडकी? एके ठिकाणी 'विंडो है सर' म्हणाले. व्हॉट्सॲपवर फोटो मागवला, तर ती खिडकी कॉरिडॉरमध्ये उघडत होती. आईला बंद खोलीत घुसमटायला होतं. ते हॉटेल सोडलं.

गाडी सकाळी पोहोचणार आणि खोली मिळणार दुपारी 12 ला, हाही प्रश्न होताच. शेवटी ठरवलेल्या हॉटेलने थोडे जास्त पैसे घेऊन लवकर खोली द्यायचं कबूल केलं. ते मी मेसेजमध्ये लिहून घेतलं. आठवण करून द्यायला तो मेसेज काउंटरवर दाखवावा लागलाच.

स्टेशनबाहेर एक रिक्षावाला म्हणाला, तुमच्या हॉटेलचा रस्ता आज बंद आहे, दुसरं चांगलं दाखवतो. आई घाबरली. मी तिथूनच हॉटेलला फोन लावला. रस्ता खुला होता. प्रीपेड बूथवरून रिक्षा घेऊन आम्ही निघालो.

सोमवारी उद्यानही बंद आणि लाल किल्लाही, म्हणून त्या दिवशी आईला विश्रांती दिली. मी खाली चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर ती खुर्ची ओढून खिडकीशी बसलेली. समोरच्या पिंपळावर पोपट उतरले होते.

"किती आहेत बघ रे," म्हणाली.

त्या खिडकीच्या खोलीला रोज दोनशे रुपये जास्त पडत होते.