दोन मिनिटांचा थांबा आणि आपला डबा

माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे आणि डोळ्यांच्या उपचारांसाठी तिला गेली तीन वर्षे मी रत्नागिरीहून मुंबईला नेते-आणते. प्रवास ठरला की ती गाडीचे नाव विचारत नाही, तिकिटाचे पैसेही विचारत नाही. तिचा प्रश्न एकच असतो, "जिना चढायचा की नाही, तेवढं आधी सांग गो." तिच्या या प्रश्नामुळे मी रेल्वे स्थानकांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. रिक्षातून उतरल्यापासून आपल्या डब्याच्या दारापर्यंत प्रवाशाला किती चालावे लागते, किती पायऱ्या चढाव्या लागतात आणि नेमके कुठे उभे राहायचे हे त्याला किती आधी कळते, यांवरच स्थानकाचा अनुभव ठरतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

कोकणात पहिला प्रश्न स्थानकापर्यंत पोहोचण्याचाच असतो. रत्नागिरीचे स्थानक शहराच्या मध्यापासून सहा-सात किलोमीटरवर आहे. सावंतवाडी रोड, राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड या नावांतला 'रोड' हा शब्दच सांगतो, की गाव इथे नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून आहे. याला कारण आहे. आमची जुनी गावे खाडीच्या आणि नदीच्या काठाने वसली. संगमेश्वर शास्त्रीच्या, चिपळूण वाशिष्ठीच्या, राजापूर अर्जुनेच्या काठी, कारण त्या काळी व्यापार गलबतांनी चालत असे. कोकण रेल्वे आखली गेली ती मात्र ताशी १६० किलोमीटर वेगाच्या हिशेबाने. चढ १५० मीटरला एक मीटर याहून तीव्र नको आणि वळणाची त्रिज्या १२५० मीटरपेक्षा कमी नको, असे दंडक पाळायचे म्हटल्यावर रुळांना प्रत्येक गावाच्या वेशीपर्यंत वळणे शक्य नव्हते. त्यांनी डोंगर पोखरले, दऱ्या ओलांडल्या आणि ते गावांना बाजूला ठेवून निघून गेले. १९९८ साली हा मार्ग पूर्ण खुला झाला तेव्हा आम्हाला रेल्वे मिळाल्याचा जो आनंद झाला, तो अजून ओसरलेला नाही. परंतु रात्री-अपरात्री गाडीतून उतरणाऱ्या माणसाला शेवटचे काही किलोमीटर आजही रिक्षावाल्याच्या भरवशावर काढावे लागतात, आणि दिवसाची एसटी त्या वेळी नसते.

दुसरी गोष्ट फलाटाची. रोहा ते वीर हा सुमारे ४६ किलोमीटरचा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला, त्यापुढचा मार्ग मात्र मुख्यतः एकेरीच आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांपैकी एकीला स्थानकात बाजूच्या रुळावर थांबून दुसरीला वाट द्यावी लागते, आणि यालाच आम्ही सगळे 'क्रॉसिंग' म्हणतो. कोकणातल्या प्रवाशाच्या तोंडी हा शब्द इतका रुळला आहे, की गाडी कुठे आहे असे विचारल्यावर "निवसरला क्रॉसिंगला उभी आहे" किंवा "उक्षी सोडली" असे उत्तर शाळकरी मुलगाही देतो. कोकण रेल्वेच्या संकेतस्थळावर गाडीने शेवटचे कोणते स्थानक सोडले ते दिसते, त्यामुळे घरातले कोणीतरी मोबाइल घेऊन बसते आणि बाकीचे त्यानुसार भाकरी बांधायची की अजून जरा टेकायचे ते ठरवतात. मार्गावरील स्थानकांचा क्रम आमच्याकडे असा, वाट पाहता पाहता, पाठ झालेला आहे.

या क्रॉसिंगचाच एक परिणाम असा, की रोज एक क्रमांकाच्या फलाटावर येणारी गाडी एखाद्या दिवशी दोन क्रमांकावर घेतली जाते. समोरची गाडी किती उशिरा धावते आहे, कोणती आधी आत घ्यायची, याचा निर्णय गाडी जवळ आल्यावर होतो, आणि त्यात कोणाचा हलगर्जीपणा असतो असे नाही, कारण एकेरी मार्गाचे गणितच तसे आहे. तथापि उद्घोषणा होते आणि फलाटावर बसलेले पन्नास-साठ प्रवासी सामानासह पादचारी पुलाकडे निघतात, तेव्हा गुडघे धरून चढणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर काय दिसते ते मी जवळून पाहिले आहे. आई पायऱ्या मोजते. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. मधल्या सपाट टप्प्यावर थांबते, पुन्हा मोजायला लागते. तिचा तो प्रश्न या मोजण्यातून आलेला आहे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. लहान स्थानकांवर बऱ्याच लांब पल्ल्याच्या गाड्या जेमतेम दोन मिनिटे थांबतात. नव्या पद्धतीच्या एलएचबी डब्याची लांबी साधारण २४ मीटर असते, म्हणजे वीस डब्यांची गाडी जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब होते. धडधाकट माणूस ताशी चार किलोमीटर वेगाने चालला तर दोन मिनिटांत तो सुमारे १३० मीटर, म्हणजे पाच-साडेपाच डबे ओलांडतो. आई किती चालते ते मी एकदा आमच्या गल्लीत घड्याळ लावून पाहिले होते. काठी घेऊन, सामान हातात नसताना, दोन मिनिटांत साठ मीटर. अडीच डबे. म्हणजे आपला डबा जिथे येणार तिथून तीन डबे दूर जरी आम्ही उभ्या असलो, तरी तिला तिच्या स्वतःच्या दारातून चढता येणार नाही.

म्हणून फलाटावरच्या त्या लाल अक्षरांच्या छोट्या पाट्या, ज्यांवर गाडी येण्याआधी डब्यांचे क्रमांक उमटतात, त्या मला संपूर्ण स्थानकातली सर्वांत मोलाची वस्तू वाटतात. त्या पाट्या जिथे आहेत आणि बरोबर चालतात, तिथे प्रवासी शांतपणे आपापल्या जागी उभे असतात, बोलत असतात, लहान मुले कडेवर असतात. पाट्या बंद असल्या, की तेच प्रवासी एकमेकांना विचारत फिरतात, "एस-फोर पुढे की मागे?", आणि प्रत्येकाकडून वेगळे उत्तर येते. फलाटावरचा स्टॉलवाला पुष्कळदा बरोबर सांगतो, कारण ती गाडी त्याने रोज पाहिलेली असते. पण गाडीचा क्रम एखाद्या दिवशी उलटा लागलेला असू शकतो, आणि मग त्याचाही अंदाज चुकतो.

असा प्रसंग दोन वर्षांपूर्वी आमच्यावर आला. मामा आजारी होते म्हणून आम्ही त्यांच्या गावी गेलो होतो आणि परतीचे आरक्षण जवळच्या एका लहान स्थानकावरून होते. जुलै महिना होता आणि पाऊस असा, की फलाटाच्या कडेची पिवळी पट्टीही नीट दिसत नव्हती. पावसाळी वेळापत्रक लागलेले होते. जोरदार पावसात पुढचे दिसत नसेल तर गाड्या ताशी ४० किलोमीटरपर्यंत सावकाश चालवायच्या असा नियम आहे. तो योग्यच आहे, या डोंगरांत दरडींचा अनुभव असलेला कोणीही त्याबद्दल तक्रार करणार नाही. गाडी दीड तास उशिरा होती, त्याचेही काही वाटले नाही. पाटीवर आमचा डबा पुढच्या बाजूला दाखवला होता. तिथे छप्पर नव्हते. मी आईला छत्रीखाली धरून, पिशव्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून वीस मिनिटे उभी राहिले. गाडी आली ती उलट्या क्रमाने. आमच्यासमोर जनरलचा डबा थांबला आणि आमचा डबा पार मागे राहिला.

त्या दोन मिनिटांत आम्ही आमच्या डब्यापर्यंत पोहोचणे शक्यच नव्हते. एका तरुणाने, मुंबईला परतणारा चाकरमानी असावा, हातातली त्याची बॅग सोडून आईला दोन्ही दंडांना धरून त्याला लागूनच्या आरक्षित डब्यात वर घेतले, आणि मी पिशव्या आत फेकून मागोमाग चढले. त्यानंतर भरलेल्या डब्यांच्या चिंचोळ्या वाटेतून, वाटेत ठेवलेल्या सामानावरून, एका डब्यातून दुसऱ्यात जाताना हलणाऱ्या जोडणीवर पाय ठेवत, आम्ही सात डबे मागे चालत गेलो. आईची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. जागेवर बसल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "पाटी लावूच नये, नाहीतर खरी तरी लावावी." या वाक्यात मला आजही काही बदल करावासा वाटत नाही. चुकीची पाटी बंद पाटीपेक्षा वाईट, कारण बंद पाटी पाहून माणूस निदान फलाटाच्या मध्यावर, छपराखाली उभा राहतो.

मुंबईकडच्या स्थानकांविषयी आमच्याकडे एक सरसकट भीती आहे. ती भीती पूर्णपणे खरी नाही, हे मला आईबरोबर फिरताना उमगले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे १८ फलाटांचे स्थानक, तरी वृद्ध माणसाला कोकणातल्या लहान स्थानकापेक्षा ते सोपे जाते. तिथे रूळ संपतात, त्यामुळे फलाटांच्या टोकाशी असलेल्या मोकळ्या जागेतून कोणत्याही फलाटावर सपाटीने जाता येते, पूल ओलांडावा लागत नाही. आणि गाडी तिथूनच सुटणार असल्यामुळे ती आधी लागलेली असते. डबा कितीही पुढे असो, आई आपल्या चालीने, मध्ये दोनदा थांबून, पोहोचते. तिथे तिने एकदा स्वतःहून मला चहा पाजला होता, इतकी ती निवांत होती.

दादर आणि ठाण्याचे तसे नाही. तिथे गाडी आली आणि गेली. दादरला पूर्वी पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही मार्गांचे फलाट आपापल्या एकपासून मोजले जात, आणि "एक नंबरवर ये" असे सांगितलेला गावाकडचा पाहुणा हमखास दुसऱ्याच एक नंबरवर जाऊन उभा राही. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे क्रमांक दिले गेले. काही भिंती न पाडता, नुसते आकडे बदलून, किती जणांची धावपळ वाचली असेल. ठाण्याला पाच-सहा क्रमांकाचा फलाट रुंद करण्यासाठी २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस ६३ तासांचा मेगाब्लॉक घेतला होता. त्या तीन दिवसांत लोकलच्या प्रवाशांचे पुष्कळ हाल झाले. पण त्यानंतर तिथे आईला घेऊन उभी राहिले तेव्हा पाठीमागून जाणाऱ्या गर्दीचा धक्का आम्हाला लागला नाही. दोन-तीन मीटरांची किंमत काय असते, ते काठी धरून फलाटावर उभ्या असलेल्या माणसाला विचारावे.

कोकणातल्या अनेक स्थानकांचे दर्शनी भाग अलीकडे देखणे झाले आहेत. उतरती छपरे, प्रशस्त प्रवेशद्वार, रात्रीची रोषणाई, हे पाहून मलाही अभिमान वाटतो आणि पाहुण्यांना मी ते कौतुकाने दाखवते. परंतु प्रवासी त्या प्रवेशद्वारात अर्धा मिनिट असतो आणि फलाटावर तासभर. गणपतीच्या दिवसांत तर हा तास दोन-तीन तासांचा होतो. माझ्या हाती निर्णय असता तर सर्वांत आधी फलाटाच्या दोन्ही टोकांपर्यंत छप्पर, मग डब्यांच्या पाट्यांची रोजची तपासणी, मग दोन क्रमांकाच्या फलाटासाठी उद्वाहन (लिफ्ट), आणि उद्घोषणेत फलाट बदलल्याचे दोन वेळा नव्हे तर गाडी येईपर्यंत सतत सांगणे, या क्रमाने मी कामे धरली असती. या क्रमाविषयी कोणाचे मत वेगळे असू शकेल. छप्पर पहिले, याविषयी मात्र जुलैत कोकणात उभे राहिलेल्या कोणाचेही वेगळे मत असेल असे मला वाटत नाही.

तोवर मी माझ्यापुरती एक पद्धत बसवली आहे. तिकीट काढल्यावर डब्यांचा क्रम मोबाइलवर पाहून ठेवते, पण त्यावर विसंबत नाही. गाडी आमच्या आधीच्या मोठ्या स्थानकात आली, की तिथल्या ओळखीच्या एकाला फोन करून इंजिनापासून आमचा डबा कितवा आहे ते मोजून घेते. तो बिचारा दरवेळी फलाटावर जाऊन मोजतो. आईला मी शक्यतो फलाटाच्या मध्यावरच्या बाकावर बसवते, म्हणजे क्रम उलटला तरी दोन्ही बाजूंना अंतर सारखे राहते. शक्य असेल तेव्हा लहान स्थानकाऐवजी रत्नागिरीहूनच गाडी धरते, कारण इथे बऱ्याच गाड्या दोन मिनिटांपेक्षा अधिक थांबतात.

आईच्या डोळ्यांची पुढची तपासणी पावसाळी वेळापत्रक संपल्यावर आहे. आरक्षण आता साठ दिवस आधीच करता येते, म्हणून दिवस मोजून सकाळी आठला बसले आणि आईला खालचा बर्थ मिळाला. तिला मोबाइलवरचे तिकीट दाखवले. तिने चष्मा वर केला, डबा कोणता ते वाचले, आणि पुढचे विचारायच्या आत मीच सांगितले, की गाडी बहुधा एक नंबरवर येईल. "बहुधा?" ती म्हणाली, आणि काठीचे झिजलेले रबर बदलून आणायला तिने मला बाजारात पाठवले.