बेससाठी क्लीन बूस्ट कुठला घेऊ? तुम्ही विचारलंत म्हणून

बेस गिटारसाठी क्लीन बूस्टचं पेडल कुठलं घेऊ, हा प्रश्न मला इतक्या वेळा येतो की आता उत्तर द्यायच्या आधी मीच उलटा विचारतो, बूस्ट नक्की कशाला हवाय? तिथे जरा शांतता होते. मग कोणी म्हणतं सोलो आला की आवाज वर यायला हवा, कोणी म्हणतं माझ्याकडे एक पॅसिव्ह आणि एक अ‍ॅक्टिव्ह बेस आहे (अ‍ॅक्टिव्हमध्ये बॅटरीवर चालणारं सर्किट असतं, त्याचा सिग्नल जास्त जोराचा), बेस बदलला की लेव्हल वरखाली होते, कोणी म्हणतं ट्यूब अँपला जरा ढकलायचंय म्हणजे थोडी खरखर येईल, आणि एखादा अगदी खरं बोलतो की गिटारवाल्याकडे आहे म्हणून मलाही पाहिजे. चारही कारणं मला मान्य आहेत, शेवटचं तर जास्तच. पण चौघांना एकच पेडल लागेल असं नाही, आणि एकदोघांना तर लागणारही नाही.

क्लीन बूस्ट म्हणजे काय तर आलेला सिग्नल आहे तसा ठेवून मोठा करायचा, बास. बहुतेकांवर एक नॉब, एक स्विच. पण मोठा होतो तो सिग्नल, तुमचा अँप काही त्याने मोठा होत नाही, आणि इथेच सगळे फसतात. ३ डीबी (डेसिबल, आवाजाची पातळी मोजायचं एकक) जास्त हवे असतील तर अँपला दुप्पट पॉवर द्यावी लागते, ६ डीबीला चौपट, १० डीबीला दहापट, आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डीबी लागतात. आता ३०० वॉटचा अँप जोरकस स्वरांना आधीच २०० वॉटपर्यंत जात असेल तर पुढे उरलं किती? २ डीबीसुद्धा नाही. मग त्याच्यापुढे १० डीबीचा बूस्ट ठेवा नाहीतर २६ चा, अँपचा लिमिटर (मर्यादेबाहेर जाऊ न देणारा भाग) आवाज दाबणार किंवा क्लिपचा, म्हणजे सिग्नलची टोकं कापली जाण्याचा, लाल दिवा लागणार, आवाज वर न जाता नुसता चपटा होणार. ठेंगण्या छताच्या खोलीत उड्या मारण्यातला प्रकार. तेव्हा पेडल बघायच्या आधी बँडबरोबर नेहमीच्या आवाजात वाजवताना अँपमध्ये अजून ५-६ डीबी शिल्लक आहेत का ते बघा. नसतील तर तुम्हाला बूस्ट नको, जास्त वॉटचा अँप किंवा आणखी एक कॅबिनेट हवंय, नाहीतर ड्रमरशी बोलायला हवंय.

बरं, शिल्लक आहेत असं धरू. मग पेडलचं काय बघायचं? लोक खोक्यावरचा जास्तीत जास्त गेन (सिग्नल किती वाढवतो ते) बघतात, आणि माझ्या मते बेसवाल्याने सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट तीच. एमएक्सआरचा मायक्रो अँप घ्या, जुना, भरवशाचा, एका नॉबचा, २६ डीबी देतो. २६ डीबी म्हणजे व्होल्टेज वीसपट. चांगल्या पिकपचा बेस जोरात वाजवला की वर-खालचं टोक धरून १ व्होल्ट सहज निघतो, स्लॅपला (अंगठ्याने तार आपटून वाजवताना) त्याहून जास्त, अ‍ॅक्टिव्ह बेस असेल तर आणखी जास्त. त्याचे वीसपट म्हणजे २० व्होल्ट, आणि पेडलला मिळतायत ९, त्यातले प्रत्यक्ष वापरायला साधारण ७. म्हणजे नॉब पूर्ण उघडायच्या आतच तुमचा क्लीन बूस्ट क्लीन राहत नाही. यात मायक्रो अँपचा काही दोष नाही हं, तो उत्तम पेडल आहे, फक्त बेसवाल्याने त्याचा नॉब खालच्या भागातच फिरवायचा असतो. बँडमध्ये वाजवताना ३ ते ६ डीबी पुरतात. ६ च्या वर गेलात की बाकीचे मान वळवून तुमच्याकडे बघायला लागतात, आणि कौतुकाने नाही.

म्हणून गेनपेक्षा हेडरूम, म्हणजे क्लिप व्हायच्या आधी किती जागा उरते ते, बघा. १८ व्होल्टवर चालणारं पेडल मिळालं तर बेसला ते खरंच उपयोगी आहे, व्होल्टेज दुप्पट म्हणजे क्लिप व्हायच्या आधी साधारण ६ डीबी जास्त जागा, आणि तेवढाच तर आपला बूस्ट आहे. काही पेडल ९ व्होल्ट घेऊन आतल्या आतच ते वाढवतात, तेही चालतं. पण जिथे १८ चालतील असं स्पष्ट लिहिलेलं नाही तिथे १८ चा अडॅप्टर लावू नका, आत १६ व्होल्टचे कपॅसिटर असले, किंवा व्होल्टेज वाढवणारी चिप १०-१२ व्होल्टपर्यंतचीच असली, तर पेडल गेलं. आणि "क्लीन बूस्ट १८ वर जास्त ओपन वाटतो" वगैरे जे ऐकायला येतं त्यातलं अर्धं नॉब कुठे ठेवलाय यावर असतं. ९ वरच क्लिप होत नसेल तर १८ वर वेगळं ऐकू यायचं फारसं कारण नाही.

आता माझ्या आवडीचा मुद्दा, खालचा आवाज. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झची, बेसची ई ४१ ची, आणि पाच तारांच्या बेसची बी ३१ ची. गिटारसाठी बनवलेल्या बूस्टमध्ये सिग्नल आत येतो तिथे एक कपॅसिटर असतो आणि त्याच्यापुढे एक रेझिस्टन्स, आणि ही जोडी मिळून एक चाळणी होते जी ठराविक फ्रिक्वेन्सीच्या खालचं हळूहळू कापते. कपॅसिटर ०.०१ मायक्रोफॅरडचा आणि पुढचा रेझिस्टन्स १ मेगाओहम असेल तर कापायला सुरुवात होते १६ हर्ट्झच्या आसपास, काही बिघडत नाही. पण तोच कपॅसिटर आणि रेझिस्टन्स १०० किलोओहम असेल तर १६० हर्ट्झ! म्हणजे चारही मोकळ्या तारांचे मूळ स्वर त्या चाळणीत सापडले, कारण जी तारसुद्धा ९८ हर्ट्झचीच आहे. १९६० च्या दशकातला डल्लास रेंजमास्टर तर मुद्दाम असाच बनवलेला होता, गिटारचा वरचा आवाज उचलायला, तसलं काही बेसला क्लीन बूस्ट म्हणून नकोच. गंमत अशी की घरी छोट्या स्पीकरवर हे कापलेलं कळतच नाही, कारण बेसच्या खालच्या स्वरांत बऱ्याचदा मूळ फ्रिक्वेन्सीपेक्षा तिच्या दुपटीचा हार्मोनिक (त्याच स्वरात मिसळलेला वरचा उपस्वर) जास्त जोरात असतो आणि कान त्यावरून स्वर ओळखून मोकळा होतो. मोठ्या कॅबिनेटसमोर उभे राहिलात की मग कळतं, पोटाला काही लागत नाहीये.

तर बेसचं नाव असलेलंच पेडल घ्यावं का? गरज नाही. गिटारचे म्हणून विकले जाणारे कितीतरी बूस्ट खालपर्यंत सपाट जातात, आणि बेसचं नाव असलेल्या काहींमध्ये मुद्दाम रंग भरलेला असतो. लेबल बघू नका, ऐका. आणि ऐकताना एक नियम पाळा, नॉब अशा ठिकाणी ठेवा की पेडल चालू-बंद केलं तरी आवाज तेवढाच राहील, आणि मग मोकळी ई किंवा बी वाजवत स्विच दाबत रहा. मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो, दुकानात तर फारच चांगला वाटतो, म्हणून लेव्हल सारखी केल्याशिवाय पेडलबद्दल मत बनवू नका. सारख्या लेव्हलला खालचा स्वर बारीक झाला तर पेडल परत. बारीक नाही झाला, मग नॉब तुम्हाला लागेल तेवढा वाढवा आणि जमेल तितक्या जोरात एक तार ओढा, टोकाला फाटलं तर हेडरूम कमी आहे. पाच मिनिटांचं काम आहे, तासभर व्हिडिओ बघण्यापेक्षा बरं.

इनपुट इम्पीडन्स (पेडलच्या इनपुटचा विजेला होणारा विरोध) हा शब्द आला की लोकांचे डोळे मिटायला लागतात म्हणून थोडक्यात सांगतो. पॅसिव्ह बेस असेल तर १ मेगाओहम किंवा जास्त असलेलं बघा, कमी असेल तर पिकपवर भार येऊन वरचा आवाज दबतो. अ‍ॅक्टिव्ह बेसला याने फारसा फरक पडत नाही. आणि पॅसिव्ह बेसला लांब केबल असेल (मीटरमागे अंदाजे १०० पिकोफॅरड, म्हणजे वरच्या आवाजाला गळतीच) तर बूस्ट जवळ ठेवून शून्य डीबी गेनवर, म्हणजे आवाज न वाढवता, कायम चालू ठेवला तरी पुढच्या केबलचा त्रास संपतो, काही लोकांना खरं तर एवढंच हवं असतं.

पेडलच्या साखळीत बूस्ट कुठे ठेवायचा यावर वाद घालणारे खूप. सोलोसाठी आवाज वर यायला हवा असेल तर कॉम्प्रेसर (जोराचे स्वर दाबून आवाज सारखा करणारा) आणि ड्राइव्ह (मुद्दाम खरखर आणणारा) दोन्हीच्या नंतर, यात माझ्या मते वाद नाहीच. कॉम्प्रेसर ४:१ ला असेल आणि सिग्नल त्याच्या थ्रेशोल्डच्या (ज्या पातळीपासून तो दाबायला लागतो तिच्या) वर असेल तर आधी दिलेल्या ६ डीबीतले बाहेर पडतात दीड, म्हणजे बूस्ट कॉम्प्रेसरने खाल्ला. ड्राइव्हच्या आधी ठेवलात तर आवाज नाही, खरखर वाढते, आणि ज्यांना ट्यूब अँप किंवा ड्राइव्ह ढकलायचाय त्यांना तेच हवं असतं, त्यांनी खुशाल आधी ठेवावा. त्यांना तर हेडरूमचीही एवढी चिंता नको, रंग असला तरी चालेल. इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा एलपीबी-१, एका ट्रान्झिस्टरचा, १९६० च्या दशकाच्या शेवटाकडचा, किंवा एक्सोटिकचा ईपी बूस्टर, जो जुन्या एकोप्लेक्स ईपी-३ या इको यंत्राच्या प्रीअँपवर बेतलाय आणि २० डीबीपर्यंत देतो, हे काटेकोर अर्थाने क्लीन नाहीत, त्यांना स्वतःचा आवाज आहे आणि लोक ते त्या आवाजासाठीच घेतात. मला ईपी बूस्टर बेसवर आवडतो, पण क्लीन हवाय म्हणणाऱ्याला मी तो सुचवणार नाही.

आता ज्यांच्याकडे दोन बेस आहेत त्यांच्यासाठी. आधी अँपवर अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह असं बटण किंवा वेगळं इनपुट आहे का बघा, बऱ्याच अँपवर असतं आणि ते अ‍ॅक्टिव्ह बेसची लेव्हल १०-१५ डीबी खाली आणतं, कदाचित तुमचं काम फुकटात झालं. तेवढा फरक जास्त होत असेल तर अँपचा गेन अ‍ॅक्टिव्ह बेसप्रमाणे लावा आणि पॅसिव्ह हातात घेतला की बूस्ट चालू, या कामाला तो कॉम्प्रेसरच्या आधीच हवा म्हणजे पुढच्या सगळ्या पेडलना दोन्ही बेस सारखे दिसतात. फुकटाचाच आणखी एक उपाय म्हणजे बेसवरचा व्हॉल्यूम नॉब, नेहमी थोडा खाली ठेवून वाजवायचं आणि सोलोला पूर्ण उघडायचा. पॅसिव्हमध्ये नॉब खाली असताना वरचा आवाज थोडा मंद होतो, पण साथ करताना तो मंद असलेलाच बरा असं मला तरी वाटतं.

आता सोलोवाल्यांना जे उत्तर मी शेवटी देतो ते ऐकून थोडी निराशा होते. क्लीन बूस्ट नका घेऊ, ग्राफिक इक्यू घ्या, म्हणजे प्रत्येक पट्ट्याचा आवाज वेगळा वरखाली करणारं पेडल. बेस गर्दीत हरवतो तो बहुतेक वेळा लेव्हल कमी म्हणून नाही, खालचा पट्टा किक ड्रमने आणि खोलीच्या घुमण्याने भरलेला असतो म्हणून, आणि सपाट बूस्टने त्याच भरलेल्या पट्ट्यात तुम्ही आणखी भर घालता, सगळी पॉवर तिथेच जळते, स्पीकरचा कोन पुढेमागे धावतो आणि स्वर तरी कळत नाहीत ते नाहीतच. बॉसच्या जीईबी-७ ला ५०, १२०, ४००, ५००, ८०० हर्ट्झ, मग ४.५ आणि १० किलोहर्ट्झ असे सात पट्टे आहेत आणि शिवाय लेव्हलचा स्लायडर वेगळा. मधले तीन ३-४ डीबी वर, ५० चा थोडा खाली, लेव्हल १-२ डीबी वर, झालं. अँपवर भार जवळजवळ नाही आणि सोलोचा प्रत्येक स्वर कळतो. १० किलोहर्ट्झचा मात्र वर नेऊ नका, तिथून फक्त सूं सूं येते. तसं तर कुठलाही बूस्ट मागून आलेली घरघरही तेवढीच मोठी करतो, सिंगल कॉइल (घरघर जास्त पकडणारा पिकप) बेसवाल्यांना हे सांगायला नको.

इतकं ऐकूनही ज्याला एका नॉबचा साधा सपाट बूस्टच हवा असतो (आणि इक्यू बोर्डवर जागा जास्त खातो, हे कारणही मला पटतं), त्याला मी म्हणतो मायक्रो अँप किंवा त्या जातीचा कुठलाही, नॉब खाली ठेवून, ड्राइव्ह-कॉम्प्रेसरच्या नंतर. अ‍ॅक्टिव्ह बेसवर जोरात स्लॅप करत असाल तर १८ व्होल्टवाला शोधा. दोन नॉब, तीन टॉगल असलेले बूस्ट घरी मजा देतात, स्टेजवर कोण वाकून बघतंय.

आणि बूस्ट घेतलात की साउंड इंजिनिअरला सांगा. डीआयची (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या डब्याची) वायर बूस्टच्या नंतर निघत असेल तर तुमचा बूस्ट थेट त्याच्या मिक्सरवर जाऊन धडकतो, त्याला वाटतं बेस अचानक का वाढला, तो फेडर खाली ओढतो किंवा त्याच्या कॉम्प्रेसरने दाबतो, आणि सोलो संपून तुम्ही बूस्ट बंद केलात की पुढचं अख्खं गाणं बेस गायब. वायर बूस्टच्या आधीच निघत असेल तर तो बूस्ट फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू येणार, प्रेक्षकांना काहीच नाही. म्हणून साउंडचेकला आधी बूस्ट चालू करून सगळ्यात जोरात वाजवा, त्याला गेन त्यावर लावू द्या, मग बंद करून नेहमीचं वाजवा आणि फेडर त्यावर ठेवायला सांगा.