खोट्यातली खोट

मामा १९८४ साली मस्कतहून पहिल्या सुट्टीवर आला, तेव्हा त्याच्या मनगटावर राडो हे महागडं स्विस घड्याळ होतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी तोवर घड्याळ म्हणजे एचएमटी, आणि तेही हेडमास्तर नि पोस्टमास्तर या दोघांकडेच. रोज सकाळी चावी द्यायची, रेडिओवर बातम्या लागल्या की काटे जुळवायचे. मामाच्या घड्याळाला चावीच नाही. हात हलला की ते आपलं आपण चालतं. रंग सोनेरी, आकार कासवाच्या पाठीसारखा फुगीर. काचेवर ओरखडा उठत नाही असं म्हणून त्याने ते चिऱ्याच्या पायरीवर घासून दाखवलं, तेव्हा आजीने डोळे मिटून घेतले होते.

बाराच्या खाली एका लाल ठिपक्यावर इवलासा नांगर होता. घड्याळ कलंडलं की तोही झुलायचा. “हा नांगर हलतो ना, म्हणजे ओरिजिनल,” मामा म्हणाला. आजोबांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, सगळीकडून न्याहाळलं आणि विचारलं, “नांगर ठीक आहे, बैल कुठायत?”

चार दिवसांत वाडीचा निकाल लागला. घड्याळ डुप्लिकेट. कारण सरळ होतं. मामा तिकडे एसी दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली हेल्पर होता, आणि हेल्परच्या हातात राडो कुठून येणार? पुढच्या वर्षी रस्त्याच्या कामावरचा ठेकेदार तसलंच घड्याळ घालून आला. ते त्याने मुंबईत फुटपाथवरून घेतलंय हे त्याचा ड्रायव्हर चहाच्या टपरीवर मोकळेपणी सांगायचा, तरी त्याच्या घड्याळाबद्दल कुणी ब्र काढला नाही. घड्याळ खरं की खोटं, हे आतल्या यंत्रापेक्षा मनगट कुणाचं यावर ठरतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला फक्त मामाची कीव आली होती.

आज हे सगळं आठवायला कारण पुण्यातला माझा एक मित्र. नोकरी आयटीत, घराचे हप्ते वेळेवर, सुपारीचंही व्यसन नाही. गेली आठ वर्षं हा माणूस नकली घड्याळं जमवतोय. ‘नकली’ म्हटलेलं त्याला खपत नाही. फुटपाथवरची ती ‘फर्स्ट कॉपी’, त्याच्या वरची ‘सेव्हन ए’, आणि त्याच्याकडची ती ‘क्लोन’. ही उतरंड तो एखाद्या भटजीने गोत्र-प्रवर सांगावेत तशी सांगतो. शिसवी पेटी, आत मखमलीच्या उशा आणि उशांवर सतरा घड्याळं. पेटी उघडताना तो हात धुऊन येतो.

त्याच्या शेजारी बसलं की तासभर शिकवणी होते. रोलेक्सची सबमरिनर १९५३ची. ओडेमार पिगे या स्विस कंपनीची अष्टकोनी रॉयल ओक १९७२ची, तिच्या कडेवर आठ स्क्रू. रोलेक्सवर तारखेच्या वर जे भिंग असतं ते तारीख अडीच पट मोठी दाखवतं; स्वस्त नकलेत तारीख तेवढी फुगत नाही. यंत्र चांगलं असेल तर सेकंदकाटा सेकंदाला आठ बारीक ठोके घेतो, म्हणून तो वाहिल्यासारखा दिसतो. बॅटरीवरचा असेल तर टुक टुक उड्या मारतो. मागे काच लावून आतली चक्रं दाखवणारं रोलेक्स फुटपाथवर दिसलं की हा खो खो हसतो, कारण मोजकी मॉडेलं सोडली तर कंपनी पाठ झाकलेलीच ठेवते. खरं रोलेक्स घालणाऱ्या दहा जणांना मिळून रोलेक्समधलं इतकं कळत असेल, यावर माझा विश्वास नाही.

माल येतो चीनमधून. ग्वांगझूला रेल्वे स्टेशनजवळ झानशी रोडवर घड्याळांचे मजल्यावर मजले आहेत. आतलं यंत्र बऱ्याचदा ईटीए २८२४ या स्विस यंत्राची चिनी आवृत्ती असते. त्या यंत्राचं पेटंट केव्हाच संपलंय, त्यामुळे तेवढा भाग करणं हा गुन्हाही नाही. गुन्हा आहे तो तबकडीवरचं नाव. आपल्याकडे १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्यात नकली माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. मित्राला हे ठाऊक आहे. “मी विकत नाही,” एवढं म्हणून तो विषय बदलतो. मला हे फारसं पटत नाही. दुसऱ्याने शंभराहून अधिक वर्षं घासूनपुसून चमकवलेलं नाव फुकटात उचललं, तर त्याला चोरी सोडून दुसरा शब्द मला सुचत नाही. पण पेटी उघडली की मीही वाकून बघतो, हेही खरं.

मजा असते ती खरेदीची. पैसे भरल्यावर विकणारा घड्याळाचे फोटो पाठवतो. त्याला ‘क्यूसी’, म्हणजे क्वालिटी कंट्रोल, म्हणतात. मग हा रात्री लॅपटॉपवर फोटो मोठे करकरून तपासतो. बाराची खूण केसभर डावीकडे गेली आहे का? एका अक्षराची शेपटी जाड तर नाही? एकदा त्याने घड्याळ परत पाठवायला लावलं, कारण सहाच्या खाली काचेत कोरलेला, डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा मुकुट जरा जास्तच दिसत होता. खोट्यात खोट नको, असा त्याचा बाणा. खरी वस्तू घेताना आपण इतके काटेकोर असतो का? मी तर फ्लॅट घेतानाही नव्हतो.

“अरे, एवढ्या पैशांत एखादं खरं चांगलं घड्याळ आलं असतं,” मी एकदा म्हणालो.

“एकच आलं असतं,” तो म्हणाला.

आणि हा माणूस ती घालतो कुठे? ऑफिसात नाही, तिथे सगळ्यांना सगळ्यांच्या पगाराचा अंदाज असतो. लग्नाकार्यातही नाही. रविवारी सकाळी बर्म्युडावर, गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालताना त्याच्या हातात पाटेक फिलिप असतं. साक्षीला फक्त कढीपत्ता.

म्हणून नकली घड्याळवाल्यांना सरसकट दिखाऊ म्हणणं मला जमत नाही. दिखाऊ निराळे. आमच्या नात्यात एक प्लॉटचे व्यवहार करणारे गृहस्थ आहेत. बोलताना ते डावा हात टेबलावर असा ठेवतात की बाही आपोआप वर सरकावी. मध्यंतरी एका लग्नात पंगतीला ते आमच्या समोर आले. मित्र माझ्या शेजारी होता. त्याने एकदा त्यांच्या सेकंदकाट्याकडे पाहिलं आणि टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. काटा टुक टुक उड्या मारत होता. पण त्यांचा व्यवसाय चालतोय बरं का, कारण समोरची पार्टी घड्याळ बघते, काटा कोण बघतो?

त्याच पंगतीत बायकांच्या बाजूला वेगळंच चाललं होतं. माझी चुलत वहिनी नखशिखान्त एक ग्रॅम सोन्यात होती. तोडे, ठुशी, कोल्हापुरी साज, सगळं. कुणीतरी ठुशी हातात घेऊन म्हणालं, “अगं बाई, ओळखूसुद्धा येत नाही! कुठनं घेतलीस?” वहिनीने दुकान सांगितलं, किंमत सांगितली, पाणी किती दिवस टिकतं तेही सांगितलं. खरं सोनं लॉकरमध्ये. लोकलमध्ये गळ्यातलं ओढतात, तर बेंटेक्स घालून जावं, यात आपल्याकडे कुणालाच काही वावगं वाटत नाही. हाच प्रश्न, “ओळखूसुद्धा येत नाही, कुठनं घेतलंत?”, मी समोरच्या गृहस्थांना विचारला असता तर जिलबी त्यांच्या घशात अडकली असती. बायकांनी खोटं घालायची सोय करून ठेवली, पुरुषांनी मात्र त्याचं गुपित करून ठेवलं.

खोट्याचं वावडं आम्हाला पूर्वीपासून नाहीच म्हणा. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकत आमची पिढी वाढली. आणि जुन्या घड्याळांच्या जगभरच्या शौकिनांमध्ये आपल्या शहराच्या नावाचा एक प्रकारच आहे, ‘मुंबई स्पेशल’. जुनं एचएमटी, सेको किंवा फावर ल्यूबा घ्यायचं, तबकडी खरवडून नव्याने रंगवायची, भगवी, हिरवी, मोरपिशी; एकाचे काटे, दुसऱ्याची डबी, आणि माल परदेशी रवाना. तिकडचे शुद्धतावादी नाकं मुरडतात. मित्रही मुरडतो. “हे धड खरं नाही, धड खोटं नाही,” म्हणतो. मला मात्र त्यातलं एखादं घ्यावंसं वाटतं. आतलं यंत्र तरी कुणालातरी दहावी पास झाल्यावर किंवा जावई म्हणून मिळालेलं असतं.

मामा गेला त्याला तीन वर्षं झाली. राडो कुणालाच नको होतं, म्हणून माझ्याकडे आलं. नांगर केव्हाच अडकून बसलेला. मागच्या महिन्यात दादरला एका म्हाताऱ्या कारागिराकडे नेलं. त्याने डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, बराच वेळ काही बोललाच नाही.

“अस्सल आहे,” तो म्हणाला. “राडोचं डायस्टार मॉडेल. तेल सुकलंय, म्हणून नांगर थांबलाय. करून देतो.”

दुकानातून बाहेर पडल्या पडल्या मी मामीला फोन लावला. एवढी वर्षं मामावर अन्याय झाला, असं काहीतरी गदगदून बोलायची माझी तयारी होती.

“हो, खरंच होतं ते,” मामी शांतपणे म्हणाली. “पावती आहे माझ्या ट्रंकेत.”

“मग कुणाला दाखवली का नाहीस?”

“पावतीवर किंमत होती ना. वाडीतले निम्मे लोक दुसऱ्या दिवशी उसने मागायला दारात आले असते.” मग जरा थांबून म्हणाली, “डुप्लिकेट आहे म्हणून गावभर कुणी सांगितलं असं वाटतं तुला? मीच.”