भुरीला जिवंत पानच लागतं

बुरशीवर पीएचडी करते म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पेट्री प्लेट येते, खाली बटाटा-डेक्स्ट्रोज अगर आणि वर हिरवी-काळी वाढ. माझी बुरशी त्यावर वाढतच नाही. साखर द्या, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट द्या, काहीही द्या, कुठल्याच मीडियावर येत नाही. द्राक्षाच्या पानांवर पांढरी पूड आणणारी भुरी, शास्त्रीय नाव एरिसायफी नेकेटर, हिला द्राक्षवेलीचं जिवंत पानच लागतं. म्हणजे बुरशी सांभाळायची तर आधी पान सांभाळा, आणि पान सांभाळायचं तर वेल सांभाळा, त्यामुळे माझं निम्मं काम कुंडीतल्या वेलींची निगा राखणं हेच आहे.

रोजचं काम साधारण असं. कोवळं पण पूर्ण उघडलेलं पान तोडायचं, सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवायचं, स्टराइल पाण्यात दोन-तीनदा खळबळून घ्यायचं आणि वॉटर अगरच्या प्लेटमध्ये देठ खोचून ठेवायचं. मग भुरी आलेल्या जुन्या पानावरून मऊ ब्रशने बीजाणू उचलायचे आणि नव्या पानावर हलकेच झटकायचे. तापमान २५ अंशांच्या आसपास, हवेत थोडा ओलावा चालतो पण पानावर पाण्याचा थेंब नको, कारण भुरीच्या बीजाणूत रुजण्यापुरतं पाणी आधीच भरलेलं असतं आणि वरून पाणी पडलं तर उलट त्याचं नुकसानच होतं. आठवड्याभरात पांढरी पूड दिसायला लागते आणि पान पिवळं पडायच्या आत ती पुढच्या पानावर न्यायची. दिवाळीला घरी जायचं झालं तर आधी प्लेट्स कुणाकडे सोपवायच्या ते ठरतं, मग तिकीट.

हे काम कंटाळवाणं वाटेल पण मला यातूनच ती गोष्ट कळली जी पुस्तकातून कळली नव्हती. बीएस्सीला आम्हाला परजीवींबद्दल एका दमात शिकवलं गेलं की हे ऱ्हास झालेले जीव, आयतं मिळतं म्हणून अवयव गळाले, क्षमता गळाल्या. भुरी रोज बघितल्यावर मला हे अजिबात पटत नाही. हिने बरंच काही टाकून दिलंय हे खरं, पण जे कमावलंय ते इतकं नाजूक आणि नेमकं आहे की तिला ऐतखाऊ म्हणणं म्हणजे न बघता बोलणं झालं.

बीजाणू पानावर पडला की काही तासांत त्यातून एक छोटी नळी येते, तिचं टोक फुगून पानाला चिकटतं, आणि तिथून एक सुईसारखं टोक वरच्या थरातल्या एका पेशीच्या भिंतीतून आत जातं. आत गेल्यावर त्याचा हॉस्टोरियम होतो, म्हणजे अन्न शोषणारा भाग. आता कमाल ही की पेशीची भिंत भोसकली जाते पण पेशीचं पटल फाटत नाही, अर्धवट फुगवलेल्या फुग्यात बोट दाबलं तर रबर बोटाभोवती बसतं तसं ते पटल हॉस्टोरियमभोवती गुंडाळलं जातं. पेशी जिवंत राहते, काम करत राहते, आणि भुरी तिच्यातली साखर घेत राहते. पेशी मेली तर भुरी उपाशी. म्हणजे तिला झाडाच्या संरक्षणाला जागं न करता आत शिरायचंय आणि आत राहून पेशीला जगवायचंय, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी. कॉटन ब्लूने रंगवलेल्या सालीच्या तुकड्यात मी पहिल्यांदा असा हॉस्टोरियम बघितला, पेशीच्या आत, तिच्या केंद्रकाच्या शेजारी, तेव्हा कितीतरी वेळ मी फोकस वर-खाली करत बसले होते.

आता टाकून काय दिलंय ते बघा. बार्लीवरच्या भुरीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा डीएनए, २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, साधारण १२ कोटी अक्षरांचा. आपल्या पावातल्या यीस्टचा आहे सव्वा कोटीच्या आत. म्हणजे भुरीकडे दहापट डीएनए, पण जीन्स दोघांकडे सहा-सात हजारच! उरलेला डीएनए बहुतेक उड्या मारणाऱ्या, स्वतःच्याच प्रती काढणाऱ्या तुकड्यांनी भरलेला. आणि गायब काय आहे, तर नायट्रेटपासून नायट्रोजन वापरात आणायची यंत्रणा गायब, थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बनवायची गायब, वनस्पतीची भिंत कुजवणारी बरीचशी एन्झाइम्स गायब. याच वेळी शेकडो छोटी प्रथिनं मात्र अशी आहेत जी इतर बुरशींत सापडत नाहीत, ती यजमान पेशीत सोडून तिचा बचाव शांत ठेवला जातो. थायमिन पेशीत तयार मिळतंय तर ते बनवत बसण्याची गरज नाही, ही साधी काटकसर आहे. गव्हाचा तांबेराही असाच जिवंत झाडावर जगणारा, भुरीशी फार लांबचं नातं, त्यानेही नायट्रेटची तीच यंत्रणा सोडलीय. वेगवेगळ्या वाटेने येऊन दोघांनी तेच सामान खाली ठेवलं.

याचं टोक बघायचं तर मायक्रोस्पोरिडिया, दुसऱ्या जीवांच्या पेशीत राहणारे एकपेशीय परजीवी. रेशीम किड्यांच्या ज्या पेब्रिन रोगावर पाश्चरने १८६५ पासून काम केलं तो यांच्यामुळेच होतो. यांच्यात मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतला ऊर्जा बनवणारा भाग, दिसत नव्हता म्हणून बरीच वर्षं हे अतिप्राचीन, मायटोकॉन्ड्रिया येण्याच्या आधीचे जीव समजले गेले. नंतर जीन्सची तुलना केल्यावर कळलं की हे बुरशीचे जवळचे नातेवाईक आहेत, आणि २००२ मध्ये त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाचा इवलासा अवशेषही सापडला. यांच्यातल्या एकाचा जीनोम फक्त २९ लाख अक्षरांचा, जीन्स २,००० च्या आसपास. ऊर्जासुद्धा यजमानाच्या पेशीतून तयार एटीपी खेचून घेतात. जे साधं दिसतं ते जुनं असतं असं आपण गृहीत धरतो, आणि इथे साधेपणा नंतर आलाय, कमवून आलाय.

बरं, या नेमकेपणाची किंमतही आहे. बार्लीत एमएलओ नावाचा एक जीन आहे, तो बिघडलेला असेल तर भुरी आत शिरूच शकत नाही. झाडाचाच जीन, आणि भुरीला तो चालू लागतो! युरोपात १९७९ पासून अशा बार्लीच्या जाती शेतात आहेत आणि इतक्या वर्षांत भुरीला त्यावर पक्का तोडगा सापडलेला नाही. एका यजमानाला इतकं जुळवून घेतलं की त्याच्या एका बदलाने दार बंद होऊ शकतं. म्हणूनच भुरीच्या सुमारे ९०० जाती आहेत आणि बहुतेकींचे यजमान ठरलेले. तुमच्या बाल्कनीतल्या गुलाबावरची भुरी वेगळी, दुधीवरची वेगळी, आंब्याच्या मोहोरावरची वेगळी, गुलाबावरची द्राक्षावर जात नाही.

सॅम्पल घ्यायला मी नारायणगावच्या बाजूला जाते, शिवाजीनगरहून नाशिकची एसटी पकडून. ऑक्टोबर छाटणी झाल्यावर नोव्हेंबरपासून बागेत फिरायला लागायचं. एका बागेतले काका पहिल्यांदा मला पानं कागदात ठेवताना बघून म्हणाले, "ताई, आम्ही हिला मारायला पैसे घालतोय आणि तुम्ही जपून नेताय?" म्हटलं, "काका, ती कशी जगते ते कळल्याशिवाय नीट मारता पण येणार नाही ना." त्यावर ते जे बोलले ते माझ्या थीसिसच्या एका चॅप्टरएवढं आहे. म्हणाले, "डावणीचं औषध भुरीला चालत नाही आणि भुरीचं डावणीला. आणि भुरीला पण एकच औषध लागोपाठ मारलं की बसत नाही."

पहिलं वाक्य घ्या. भुरी आणि डावणी, द्राक्षाचे हे दोन्ही रोग पानावर पांढरट दिसतात, पण डावणी बुरशीच नाहीये. ती ऊमायसीट, तिचे नातेवाईक समुद्रातलं तपकिरी शेवाळ. भिंत मुख्यत्वे सेल्युलोजसारख्या पदार्थांची, बुरशीसारखी कायटिनची नाही. भुरीवर मारतात ती ट्रायझोल औषधं अर्गोस्टेरॉल, म्हणजे बुरशीच्या पेशीपटलाला लागणारा पदार्थ, बनवण्याची वाट अडवतात, आणि डावणीत ती वाटच नाही, मग औषध अडवणार काय? तरीही डावणीने धागे, बीजाणू, पेशीत घुसणारा हॉस्टोरियम हे सगळं स्वतंत्रपणे कमावलंय. बुरशी त्या मानाने प्राण्यांच्या, म्हणजे आपल्या, जास्त जवळची. शेतकऱ्यांना हा फरक फवारणीतून आणि हवामानातून माहीत असतो, पानं भिजली की डावणी, कोरडी गार हवा असली की भुरी.

दुसरं वाक्य म्हणजे डोळ्यांसमोर चाललेली उत्क्रांती. ट्रायझोल ज्या एन्झाइमला चिकटतात त्याच्या साखळीत १३६ क्रमांकाच्या जागी टायरोसीन या अमिनो आम्लाऐवजी फेनिलअॅलानिन आलं की औषधाची पकड सुटते, आणि द्राक्षाच्या भुरीत हा बदल सापडलाय. काही नमुन्यांत तर त्या जीनच्या जास्तीच्या प्रती पण मिळाल्यात, म्हणजे लक्ष्यच वाढवून ठेवलं. स्ट्रोबिल्युरिन गटाची औषधं १९९६ मध्ये बाजारात आली आणि १९९८ मध्ये उत्तर जर्मनीत गव्हाच्या भुरीत रेझिस्टन्स सापडला, एका जीनमधल्या एका अक्षराचा बदल. इतक्या लवकर! भुरीची एक पिढी आठवड्याभराची, एका डागावर हजारो बीजाणू, त्यात एखादा बदललेला असायचाच, आणि तेच औषध पुन्हा मारलं की बाकीचे मरून तोच उरतो. गंधक मात्र १८५० च्या दशकापासून भुरीवर वापरात आहे आणि अजून चालतं, कारण ते एका जागी नाही, पेशीत बऱ्याच ठिकाणी एकदम घाव घालतं. मूळची ही भुरी उत्तर अमेरिकेतली. १८४५ मध्ये इंग्लंडमध्ये पहिल्यांदा दिसली आणि दहा वर्षांच्या आत फ्रान्सच्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, कारण युरोपच्या वेलींनी तिला कधी बघितलंच नव्हतं. आपल्या बागेतली थॉम्पसन द्राक्षं युरोपच्या त्याच जातीची. अमेरिकेतल्या जंगली द्राक्षात मात्र रन-१ सारखे प्रतिकाराचे जीन्स आहेत, भुरीसोबत राहून राहून आलेले.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली भुरी बघताना पांढऱ्या उभ्या देठांमध्ये कधी कधी काही देठ फुगलेले, मळकट तपकिरी दिसतात. सुरुवातीला घाण वाटते. त्यावर पाण्याचा एक थेंब सोडला की फुगलेला भाग एका टोकाला उघडतो आणि त्यातून बारीक बीजाणूंची वेटोळी बाहेर येतात. हा अँपेलोमायसिस, भुरीच्या धाग्यांच्या आत राहणारी दुसरी बुरशी, परजीवीवरची परजीवी. भुरीला पाणी नको आणि हिला पाणी लागतं. म्हणजे जी कोरडी हवा भुरीला मानवते ती तिच्या शत्रूला मानवत नाही, आणि भुरी अशी कोरड्यात का रमते याचं थोडं तरी उत्तर यात असावं असं मला वाटतं. हे अजून सिद्ध केलेलं नाही, माझ्या कामाचा पुढचा भाग तोच आहे. जैविक नियंत्रणासाठी अँपेलोमायसिस वापरतातच, पण हवा कोरडी असली की ती नीट चालत नाही हे द्राक्षवाल्यांना अनुभवाने माहीत आहे.

गंमत म्हणजे अँपेलोमायसिस प्लेटवर वाढते, फार हळू, पण वाढते. म्हणून तिचं जिवंत कल्चर आपल्या पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत असलेल्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात जमा करता येतं. भुरीचं तसं करता येत नाही. भुरी जमा करायची तर पानासकट वाळवून तिथल्याच आजरेकर हर्बेरियममध्ये, कागदाच्या पाकिटात, वर गाव, तारीख, यजमान लिहून. मला ही पाकिटं फार मोलाची वाटतात. आज कुणी डीएनए काढून बघेल की अमुक बदल नारायणगावात कधी आला, तर त्याला फवारणी सुरू व्हायच्या आधीचं पान लागेल, आणि ते कुणीतरी तेव्हा वाळवून ठेवलेलं असेल तरच मिळेल. आमच्यातल्या बऱ्याच जणांना जीनोमिक्समध्ये जायचंय, जा की, पण सोबत एक नमुना नीट नाव-गाव लिहून ठेवत जा.

तुमच्याकडे गच्चीवर किंवा परसात द्राक्षाचा वेल असेल ज्यावर कधी औषध मारलेलं नाही, आणि पानांवर पांढरी पूड आली असेल, तर ती लगेच पुसून टाकू नका. फवारलेल्या बागेत अँपेलोमायसिस मिळणं अवघड, काही बुरशीनाशकांनी भुरीसोबत तीही मरते. पान उन्हात तिरकं धरून भिंगातून बघा, पांढऱ्या पुडीत राखाडी-तपकिरी ठिपके दिसतायत का. दिसले तर पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, त्यात ते कुजतं. वर्तमानपत्राच्या दोन घड्यांमध्ये सपाट ठेवा, रोज कागद बदला, आणि कागदावर गाव आणि तारीख लिहा.