एक आणा चॉकलेट : अखेर दुसरा तारा सापडला

मंडळी, त्या मोडी पावतीचं साल ठरवण्याचं काम एकदाचं पुढे सरकलं. तिच्यावरचं टपाल तिकीट कागदावरून न सोडवता वॉटरमार्क, म्हणजे तिकिटाच्या कागदातच असलेली खूण, दिसला. पूर्ण नाही, पण पुरेसा.

मागचा फोटो आठवत असेल : पंचम जॉर्जचं एक आणा किमतीचं चॉकलेटी रंगाचं तिकीट (आमच्या भाषेत ‘एक आणा चॉकलेट’), दुकानदाराच्या पावतीवर चिकटवलेलं, त्यावरून तिकिटाबाहेर गेलेली मोडी सही. पावतीचा वरचा कोपरा फाटल्यामुळे तारीख उरली आहे ती फक्त तिकिटावर. ती तिथे असते कारण १८९९ च्या मुद्रांक कायद्याचं कलम १२. तिकीट पुन्हा वापरता येऊ नये म्हणून त्यावर सही किंवा आद्याक्षरं आणि खरी तारीख घालायची, ही त्यातली सरळ पद्धत. वीस रुपयांवरच्या पावतीला एक आणा लागे, आणि १९०६ पासून एक आण्याचं टपाल तिकीटच त्या कामालाही चालायला लागलं होतं.

शके १८४ पर्यंत अंक स्वच्छ आहेत. शेवटचा नेमका तिकिटाच्या दात्यांवर आलाय आणि शाई तिथे तुटली आहे. सहा म्हणावा तर वरचा फाटा नाही, आठ म्हणावा तर खालची शेपटी जास्त वळलेली. १८४६ म्हणजे १९२४-२५, १८४८ म्हणजे १९२६-२७. दोन वर्षांचा फरक किरकोळ वाटेल, पण तिकिटं छापणारी नाशिकची सिक्युरिटी प्रेस उभी राहिली १९२५ मध्ये आणि तिथली तिकिटं आली १९२६ पासून. त्याआधीची पंचम जॉर्जची तिकिटं लंडनच्या दे ला रू कंपनीची. चॉकलेट रंगाचा एक आणा दोन्हीकडे छापला गेला आणि परफोरेशन, म्हणजे कडेच्या दात्यांचं माप, दोन्हींचं १४, त्यामुळे ते मोजायचा गेज इथे कामाचा नाही. फरक वॉटरमार्कचा : लंडनच्या तिकिटात मध्यभागी एकच तारा, नाशिकच्या कागदात तारे सगळीकडे पसरलेले. एकच तारा निघाला तर कोडं तसंच राहतं, कारण लंडनचा जुना साठा १९२६ नंतरही वापरात असणार. अनेक तारे निघाले तर मात्र १८४६ बाद.

तिकीट भिजवून काढा, असं काही जणांनी सुचवलं होतं. ते मी करणार नाही. सही अर्धी तिकिटावर आणि अर्धी कागदावर आहे. ती तोडली की उरतं ते कुठल्याही अल्बममध्ये मिळणारं साधं चॉकलेट. पावत्यांवरून तिकिटं कापून पाकिटात भरून विकणारे विक्रेते अजून आहेत, आणि त्यांच्याकडून घेणं आपण सगळ्यांनीच थांबवावं.

तिकिटाच्या पाठीवर टाकून वॉटरमार्क दाखवणारं फ्लुइड बाद, कारण तिकिटाची पाठच मोकळी नाही. खालून साधा एलईडी पॅड लावला तर पावतीच्या कागदातल्या जाळीच्या रेषा ताऱ्यांवर चढतात आणि नुसती गिचमीड दिसते. तिरक्या उजेडात फक्त सुरकुत्या उठून आल्या.

मार्ग निघाला तो इन्फ्रारेडमधून. जुन्या डिजिटल कॅमेऱ्याचा आतला फिल्टर काढून घेतला आणि ८५० नॅनोमीटरचे एलईडी पावतीखाली लावले. चॉकलेट छपाई बरीचशी विरली, राजाचं डोकं जेमतेम उरलं, आणि सही मात्र काळीभोर राहिली! म्हणजे शाई काजळीची; त्या काळची ब्लू-ब्लॅक असती तर तीही फिकी पडली असती. एवढ्यावरच मी खूश होतो. मग त्याच पावतीच्या कोऱ्या भागाचा त्याच उजेडात फोटो घेतला आणि गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये एकातून दुसरा वजा केला. जाळी बरीच गेली. डाव्या वरच्या कोपऱ्यात अर्धा तारा, उजवीकडे खाली दुसरा. कागद छपाईत सरकला तर एकच तारा कोपऱ्यात जाऊ शकतो, म्हणून पहिला दिसल्यावर मी गप्प बसलो होतो. इतक्या अंतरावर दोन तारे एका ताऱ्याच्या कागदात येत नाहीत. नाशिकच.

म्हणजे शके १८४८ धरायला हरकत नाही. नाशिकच्या छपाईच्या अगदी सुरुवातीचं तिकीट, टपालाऐवजी दुकानाच्या हिशेबात वापरलेलं. हे मला न वापरलेल्या, एकमेकांना जोडलेल्या तिकिटांच्या कुठल्याही कोऱ्या ब्लॉकपेक्षा मोलाचं वाटतं.

साहित्याबद्दल एक सांगतो : पावत्यांना पीव्हीसीची पाकिटं वापरू नका, त्यातून सुटणारे घटक कागद आणि शाई दोन्ही बिघडवतात. पॉलिएस्टरची महाग पडतात, तरी तीच घ्या. तिकीट पानावर चिकटवायच्या हिंजचा (डिंक लावलेल्या कागदी पट्टीचा) तर इथे प्रश्नच नाही.

माझ्या संग्रहाची पानं लावायच्या फ्रेमची मांडणी टपाल, महसूल, कोर्ट फी अशी तीन भागांत करायची ठरली होती. आता ती मोडतो आहे. हे लिहिता लिहिताच लक्षात आलं की तिकीट निकामी करण्याच्या पद्धतीनुसार पानं लावली तर गोष्ट जास्त चांगली उलगडते : टपालाचा तारखेचा शिक्का, दुकानदाराची तारखेसह सही, आणि कोर्ट फीला पंचने पाडलेलं भोक. १८७० च्या कोर्ट फी कायद्यात राजाचं डोकं पंच करून काढायचं आणि किमतीचा आकडा शाबूत ठेवायचा असं आहे. माझ्याकडच्या कागदांवर ती भोकं सुरेख दिसतात, आणि इतके दिवस मी त्यांना खराब प्रती म्हणून मागे ठेवत होतो. त्या आता पुढच्या पानावर येतील.

त्यासाठी शेजारी लावायला लिफाफ्यावरचं नाशिक छपाईचं एक आणा हवंय, शिक्क्यात १९२६ किंवा १९२७ स्वच्छ वाचता येईल असं. कुणाकडे दुहेरी असेल तर कळवा. बदल्यात चॉकलेटचे लंडन छपाईचे लिफाफे देईन, शिक्के मुंबई आणि पुण्याचे आहेत. दुसऱ्या ताऱ्याचा मोठा स्कॅन रविवारी टाकतो. तोवर अंकाबद्दल मोडी जाणणाऱ्यांनी जरूर बोलावं.