ताटी लावायचा दिवस

कोंबड्या आणि भाजीचे वाफे एका आवारात नांदत नाहीत, असं ज्याने त्याने मला ऐकवलेलं आहे. मला ते अर्धंच पटतं. आश्विनात पाऊस ओसरला की आमच्या भंडाऱ्याकडच्या गावांत घरामागच्या सांदवाडीत कामांचा ढीग पडतो. त्यातली निम्मी कामं कोंबड्या फुकट उरकून देतात, आणि निम्मी कामं त्यांच्यापायीच निघतात. नखं तीच, उकरणं तेच. मधे फक्त बी पडलेलं असतं.

नवरात्राच्या सुमारास सांदवाडीत पाय ठेवायला जागा नसते. आषाढात ज्याचे कोवळे शेंडे खुडून भाजी केली तो तरोटा आता कमरेएवढा झालेला, शेंगांनी लगडलेला. दोडक्याचा वेल मांडवावर वाळून खडखडतोय, नजरेतून सुटलेलं कारलं पिवळं होऊन फुटलंय आणि आतल्या लाल बिया दाखवतंय. चांगलं चाललंय ते फक्त कुंपणावरच्या वालाचं. त्याला आत्ता कुठे फुलोरा येतोय, त्यामुळे कुंपण दुरुस्त करायचं म्हटलं तरी त्याला धक्का न लावता करायचं. बोराट्या खुपसताना हाताला ओरखडे येतात ते बोरीचे, शिव्या मात्र वालाला बसतात.

आमची माती मोरांड. ओली असताना खुरप्याला चिकटून बसते, आणि ऑक्टोबरच्या उन्हात एकदा वाळली की कुदळ उसळते. मधे वाफशाचे थोडेच दिवस मिळतात. नेमक्या त्याच दिवसांत घरातली पुरुष माणसं बांधीवर असतात, कारण धान निसवलेला असतो, तुडतुडे आलेत का ते बघायचं असतं, शेवटचं पाणी पुरेल की नाही याची धास्ती असते. मामा तलावाचं, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाचं, पाणी सुटणार की नाही यावर चावडीवर रोज वाद. मग सांदवाडी कोण खणणार? कोंबड्या.

याला थोडी युक्ती लागते. तरोटा आणि गवत विळ्याने कापून घ्यायचं, मुळं कुदळीने जराशी हलवायची आणि तिथे मूठभर कनकी, म्हणजे तांदळाची कणी, भिरकावायची. एवढं केलं की झालं. दाणे संपले तरी कोंबड्या थांबत नाहीत, कारण तोवर त्यांना खालच्या अळ्या दिसलेल्या असतात. हुमणी, गोगलगायीची पिल्लं, गवताचं बी, सगळं वेचलं जातं. पुढचा तुकडा खणायचा असेल तर कनकी दोन हात पुढे टाकायची. मजूर सांगून इतका सरळ ओळीत काम करत नाही. एखाद्या खांबाला वाळवी लागली असेल तर तीही त्यांनाच दाखवावी. वाळवीचं ढेकूळ फोडून समोर टाकलं की तुरेवाला कोंबडासुद्धा स्वतःचा रुबाब विसरतो.

खुराड्याखालचं खतही याच दिवसांत निघतं. पावसाळाभर आम्ही तिथे तनस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरत राहतो. वरून कोंबड्यांची विष्ठा, खालून ओल, त्यामुळे दसऱ्यापर्यंत त्याचा काळा थर तयार होतो. पण ते उचलून सरळ वाफ्यात घालायचं नाही. कोंबडीच्या विष्ठेत नत्र शेणापेक्षा कितीतरी जास्त, ताजी घातली तर रोपं करपतात. ते शेणाबरोबर खड्ड्यात टाकायचं आणि गेल्या वर्षीचं कुजलेलं वर काढायचं. कोंबड्यांचं हे देणं असं वर्षभर उधारीवर चालतं.

आणि मग तो दिवस येतो. वाफे पाडून झालेले असतात, मेथी आणि पालक फेकलेला असतो, मुळा टोचलेला असतो, सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, धणे रगडून दोन फाकी करून पेरलेले असतात. त्या संध्याकाळी सांदवाडीला बांबूची ताटी लागते आणि काल दुपारपर्यंत ज्यांची स्तुती चालली होती त्या एकदम चोर ठरतात. त्यांच्या बाजूने पाहिलं तर अन्यायच आहे. इतकी भुसभुशीत, ओली, खताने काळी झालेली माती त्यांनीच तयार केली आणि आता त्यांनीच तिच्याकडे लांबून बघायचं! शेजारच्या काकू कुंपणापलीकडून हमखास विचारतात, "काहून वं, पेरून तं टाकलंस, पन आता कोंबड्या कुठी ठेवशीन?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि उत्तर दर वर्षी तेच, की ताटी आहे. काकू हसतात, कारण त्यांना माझी ताटी माहीत आहे. तिच्या खालच्या फटीतून माणसाचा हात जात नाही, पण कोंबडी जाते.

मेथीची काळजी थोडे दिवसच. ती तीन-चार दिवसांत वर येते, बोटभर झाली की थोडी टोच सोसते. जीव खातो तो सांबार. आठ-दहा दिवस मातीवर काही दिसत नाही आणि तेवढ्यात एका कोंबडीने एकदा अंग घोळलं तरी अर्धा वाफा गेला. म्हणून त्याच्यावर बोराट्या आडव्या टाकाव्या लागतात. लसणाचं आणखी वेगळं. लसणाची पाकळी कोंबडी खात नाही. ती काढते, उलटी करून बघते, बाजूला ठेवते आणि पुढची काढते. खाल्ली असती तर इतका राग आला नसता.

नवरात्रात आमच्या घरी अंडं खात नाहीत. गावात बहुतेकांकडे तसंच, त्यामुळे त्या नऊ दिवसांत अंडी साठत जातात आणि खुडूक झालेल्या कोंबडीची चांदी होते. धानाच्या कोठीत निमुळतं टोक खाली करून ठेवलेली अंडी दसऱ्याला बाहेर निघतात. सात-आठ दिवसांच्या आतली असली तर बरं, त्याहून जुन्यांतून पिल्लं कमी निघतात, त्यात ऑक्टोबरचं ऊन. गावरान कोंबडीच्या पोटाखाली दहा-बारा अंडी नीट झाकली जातात. जास्त ठेवायचा लोभ केला की कडेची गार पडतात. पिल्लू बाहेर यायला 21 दिवस लागतात, आणि दसऱ्यापासून मोजलं तर एकविसावा दिवस बरोबर बलिप्रतिपदेला येतो. एखादी तिथी घटली-वाढली तर दिवस मागेपुढे, एवढंच. त्या दिवशी आमच्याकडे गायगोधन असतं. गायींना रंगवून, मोरपिसांच्या झुली घालून सगळं गाव ढोलामागे गुरांच्या आखरावर गेलेलं असतं आणि घरातल्या कोपऱ्यात टोपल्याखाली चिवचिव सुरू झालेली असते. पंचांग करणाऱ्याने कोंबडी पाळली असावी अशी मला दाट शंका आहे.

म्हाताऱ्या कोंबड्यांचं मात्र याच वेळी बिनसतं. मानेवरची पिसं गळतात, मग पाठीची, मग शेपटीची, आणि अंडी थांबतात. बाहेरून पाहुणा आला तर त्याला वाटावं हिला रोग झालाय किंवा कुणाची नजर लागली. तसं काही नसतं. दिवस लहान होतो, हे कोंबडीला आपल्याआधी कळतं. भरपूर अंडी द्यायला तिला चौदा तासांच्या वर उजेड लागतो, आणि आपल्याकडे भर जूनमध्येही दिवस साडेतेरा तासांच्या आसपासच असतो. मार्गशीर्ष-पौषात तो अकरा तासांच्याही खाली येतो. मोठ्या पोल्ट्रीवाले बल्ब लावून तिला फसवतात. गावरान कोंबडीला फसवायला कुणी जात नाही, म्हणून ती या दिवसांत अंडी बंद करून पिसं बदलायला घेते. पिसं म्हणजे जवळजवळ सगळं प्रथिन. अशा वेळी नुसत्या कनकीवर भागत नाही, बाजारातून आणलेल्या झिंग्यांचा चुरा, वाळवी, ढेपेचा तुकडा असं काहीतरी द्यावं लागतं. नवीन पिसं आल्यावर ती जी दिसते, ती पाहून गेल्या महिन्यात हिलाच कापायची चर्चा चालली होती हे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

पिल्लं झाली की घार आणि मुंगूस यांच्या जोडीला मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, भीती येते. रोग गावात शिरला की खुराडीच्या खुराडी रिकामी करतो. पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा एकेक थेंब डोळ्यात घातला की पुष्कळ निभावतं. अडचण थेंबाची नसून बाटलीची असते. ती शंभर पिल्लांची येते, बर्फात ठेवून आणावी लागते आणि एकदा कालवली की दीड-दोन तासांत संपवावी लागते. माझी पिल्लं दहा. म्हणजे आळीतल्या सगळ्यांची पिल्लं एकाच आठवड्यात निघालेली असली तर सोय. दसऱ्याला अंडी बसवण्याच्या रिवाजाचा हा फायदा मला फार उशिरा कळला. त्या सकाळी आळीतल्या बाया डालगी घेऊन एका ओट्यावर जमतात, आणि पिल्लांपेक्षा गोंगाट आमचाच जास्त असतो.

दिवाळी झाली की हलका धान कापायला येतो. कडपा वाळतात, भारे बांधले जातात, खळ्यावर मळणी सुरू होते. मग एका रात्रीत चित्र पालटतं. कोंबड्या सांदवाडीकडे बघेनाशा होतात. ताटी उघडी राहिली तरी त्या जात नाहीत, सकाळी खुराड्याची फळी काढली की सरळ खळ्याकडे धावतात. इतके दिवस ज्यांच्यावर पाळत ठेवली त्यांना आता मेथीत रसच नाही, हेही जरा लागतं. मेथी इतकीही वाईट नव्हती!

खळ्यावर सगळ्या आळीच्या कोंबड्या एक होतात आणि तनशीच्या ढिगात जागा सापडेल तिथे अंडी घालतात. पुढे मंडई, म्हणजे गावची जत्रा, असते, गावोगावचे पाहुणे येणार असतात, रात्री नाटक, त्यामुळे अंड्याला आणि कोंबड्याला एकदम भाव येतो. परवा त्या ढिगात अकरा अंडी सापडली. काकूंचं म्हणणं, तांबूस दिसतात म्हणजे त्यांच्या लाल कोंबडीचीच. अंड्याचा रंग पिसांवरून ठरत नाही, हे मी सांगून पाहिलं. शिवाय त्यांची लाल कोंबडी सध्या मान उघडी टाकून फिरतेय, ती अंडी कुठून देणार? "नाही जी, थे देते," काकू म्हणाल्या, "पन लपून देते." शेवटी पाच-पाच वाटून घेतली आणि अकराव्याचा निर्णय काकूंच्या नातवाने तिथल्या तिथे घेतला, हातातून पाडून.