आजोबांना बझर ऐकूच आला नाही

बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. ‘वृद्धांसाठी तंत्रज्ञान’ हा ऐच्छिक विषय सुरू व्हावा म्हणून दीड वर्ष मागे लागले होते. आराखडे, बैठका, सह्या सगळं पार पडलं आणि पहिल्या सत्राला अठरा मुलं आली. निम्मी मराठी घरांतली, निम्मी कन्नड.

पहिले सहा आठवडे मी वर्गातच शिकवलं. 2011 च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक 10 कोटींहून जास्त होते, इथून सुरुवात केली. वय वाढतं तसं ऐकणं कसं उतरत जातं, त्याचे आलेख फळ्यावर काढले. मुलांनी गोळ्यांची पेटी बनवली. सकाळ, दुपार, रात्र असे कप्पे, वेळ झाली की बझर आणि बारीक लाल दिवा. वर्गात टाळ्या पडल्या.

ती पेटी घेऊन आम्ही खासबागेत गेलो. शहापूर, वडगाव, खासबाग हा आमच्याकडचा विणकरांचा पट्टा. एका विद्यार्थ्याच्या ओळखीच्या आजोबांनी तिथं चाळीस वर्षं यंत्रमाग चालवला होता. पेटी त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि बझर वाजायला लागला. मुलं आजोबांच्या तोंडाकडं बघत होती, आजोबा पेटीकडं. थोड्या वेळानं ते म्हणाले, “सुरू कर की, बाळ.”

बझर अजून वाजतच होता.

स्वस्तातल्या अशा बझरचा आवाज बहुधा 2 ते 4 हजार हर्ट्झचा असतो. म्हातारपणी आधी जातात ते उंच पट्टीचे आवाज. त्यात मागाच्या खडखडाटात वर्षं काढलेला कान 4 हजार हर्ट्झच्या आसपासच पहिल्यांदा अधू होतो. आजोबांच्या धंद्यानं जो आवाज त्यांच्याकडून काढून घेतला, नेमका त्याच आवाजावर आम्ही त्यांची गोळी सोपवली होती. आलेख मुलांना पाठ होता. पण त्या खोलीत तो त्यांना खरा दिसला, आणि मलाही.

आजींची अडचण वेगळी. झाकणावरची अक्षरं इंग्रजी. एक कन्नड मुलगी म्हणाली, कन्नडमध्ये लिहू. आजी बाजारात कन्नड सहज बोलतात, पण चार इयत्ता शिकल्या त्या मराठी शाळेत. वाचता येतं ते मराठीच. सीमाभागात अशी घरं पुष्कळ. मग त्याच मुलीनं कागदाची पट्टी घेतली. देवनागरी तिला हिंदीमुळं येत होती, पण ‘सकाळ’ लिहिताना ‘ळ’पाशी अडली. आजींनी फरशीवर बोटानं ‘ळ’ काढून दाखवला, दोनदा.

आजींच्या मोबाईलचीही एक गोष्ट मुलांनीच टिपली. बोट काचेवर जरा जास्त टेकून राहायचं, फोन ते लांब दाबणं समजायचा आणि भलतंच उघडायचं. सेटिंगमध्ये तो वेळ वाढवता येतो. वाढवला.

त्यानंतर मी उरलेल्या तासांचा क्रमच बदलला. आठवड्यातला एक तास कुणाच्या तरी घरी. हात, डोळे, कान बघायचे आणि वहीत लिहायचं, सोल्डरिंगला त्यानंतरच हात लावायचा. खात्यातल्या काहींना वाटलं, हे समाजकार्य झालं, इंजिनिअरिंग कुठं आहे? मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं, की इंजिनिअरिंग हेच आहे. कुणासाठी बनवतोय ते ठाऊक नसेल तर सर्किट कितीही नेटकं असो, अपुरंच.

महिन्यानं पेटी पुन्हा नेली. या वेळी बझरऐवजी छोटा स्पीकर होता, आवाज 500 हर्ट्झचा. आजोबा आतल्या खोलीत होते. आवाज झाला तसे भिंतीला हात लावत बाहेर आले आणि थेट दाराकडं निघाले, “कोण आलंय गं?” विचारत.

ऐकू आलं होतं, पण गोळीसाठी आहे हे कळलं नव्हतं. मुलं वहीत लिहायला लागली. आजी पेटी हातात घेऊन म्हणाल्या, “ह्यात माझाच आवाज भरा की. गोळी घ्या म्हणून रोज मीच सांगते न्हवं त्यांना.”